पडद्याला ठिगळ

१८४१ साली लंडनमध्ये जेम्स यिअर्स्ली या कानाच्या डॉक्टरांकडे न्यूयॉर्कचे एक गृहस्थ बहिरेपणाची तक्रार घेऊन आले. बोलता बोलता त्यांनी आपला एक घरगुती उपाय सांगितला. कागदाची बारीक सुरळी करायची, तिचं टोक थुंकीने ओलं करायचं आणि ती कानात पार तळापर्यंत सरकवायची. नेमक्या जागी बसली की त्या क्षणी स्वच्छ ऐकू येतं. हा गुण कधी तासभर टिकतो, कधी दिवसभर, तर कधी आठवडाभरही.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टराने हसून विषय बदलला असता. यिअर्स्लींनी तो उपाय आपल्या इतर रुग्णांवर करून पाहिला. कागदाऐवजी ओल्या कापसाचा बोळा वापरला आणि १८४८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. त्या गृहस्थांच्या कानाचा पडदा फाटलेला होता आणि कागदाचं ओलं टोक ते भोक तात्पुरतं बुजवत होतं, एवढाच त्यातला चमत्कार. पण कापूस रोज नव्याने ठेवावा लागे. हेच भोक कायमचं बुजवायला वैद्यकशास्त्राला पुढची शंभरहून अधिक वर्षं लागली.

आपल्याकडे या दुखण्याला ‘कान फुटला’ असं म्हणतात आणि पुढचं वाक्य बहुतेक वेळा ‘कान वाहतो’ हे असतं. घरात एखाद्या पोराचा कान वाहतो ही गोष्ट इतकी सवयीची असते की, ‘मोठा झाला की थांबेल’ म्हणून तो विषय तिथेच संपतो. पावसाळ्यात वाहतो, सर्दी झाली की वाहतो, विहिरीत पोहून आला की हमखास वाहतो. मग कुणी लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडतं. पडदा शाबूत असेल तर त्या तेलाने फारसं बिघडत नाही. भोक असेल तर ते थेट आतल्या पोकळीत उतरतं आणि दुखणं वाढवतं. आत भोक आहे की नाही, हे तेल घालणाऱ्याला दिसत नसतं, ही खरी अडचण.

तो पडदा आहे तरी केवढा? साधारण नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचा, शर्टाच्या बटणाएवढा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि तेवढ्यातही तीन थर. बाहेरून त्वचा, आतून तोंडाच्या अस्तरासारखं ओलसर नाजूक अस्तर आणि मध्ये तंतूंचा चिवट थर. सायकलच्या चाकातल्या तारांसारखे काही तंतू मध्यापासून कडेकडे जातात, तर काही गोल फिरतात. पडद्याला ताण असतो तो या मधल्या थरामुळे.

या बटणाएवढ्या पडद्याकडे मोठं अवघड काम आहे. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो. आपला आतला कान असाच द्रवाने भरलेला आहे. हवेतला आवाज त्या द्रवात उतरवायचा तर त्याचा जोर वाढवावा लागतो. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटरचा असतो. त्याला हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडं साखळीने जोडलेली असतात. शेवटच्या रिकिबीचा तळवा जेमतेम सव्वातीन चौरस मिलिमीटरचा. मोठ्या क्षेत्रावर पडलेला दाब लहानशा क्षेत्रावर एकवटला की तो सतरापट होतो. हाडांच्या तरफेमुळे आणखी थोडा वाढतो. पडद्याला भोक पडलं की हा हिशेब बिघडतो. भोक मोठं असेल तर आणखी एक घोळ होतो. रिकिबीशेजारी आतल्या कानाची दुसरी एक ‘गोल खिडकी’ आहे. पडद्याआड एरवी सुरक्षित असणाऱ्या त्या खिडकीवरही आवाज थेट आदळू लागतो आणि दोन्ही धक्के एकमेकांना काही अंशी मारून टाकतात.

या साखळीची एक गंमत इतिहासात नोंदली गेली आहे. १८७४मध्ये बॉस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेक या कानाच्या डॉक्टरांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना मृत माणसाचा कान मिळवून दिला. बेल यांनी त्याच्या हाडाला गवताची काडी चिकटवली आणि कानात बोलून, काजळी धरलेल्या काचेवर आवाजाच्या रेघा उमटवल्या. एवढा तलम पडदा त्यामानाने जड असलेली हाडं हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्या विचाराला टेलिफोनच्या जन्मकथेत जागा मिळाली. याच ब्लेक यांनी पुढे फाटक्या पडद्यावर कागदाचं ठिगळ लावायची पद्धत रूढ केली. म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या गृहस्थांचा कागद फिरून अमेरिकेतच पोचला.

पडदा फाटण्याची कारणं दोन घराण्यांतली. पहिलं मारहाणीचं आणि अपघाताचं. ‘कानाखाली जाळ काढीन’ हे आपल्याकडे फुशारकीने म्हटलं जातं, पण कान-नाक-घसा विभागात थप्पड हे पडदा फाटण्याचं नेहमीचं कारण आहे. तिथेही फाटलेला कान बहुधा डावाच असतो, कारण समोर उभं राहून मारणारे बहुतेक जण उजव्या हाताचे असतात. हाताचा तळवा कानावर सपाट बसला की नळीतली हवा दट्ट्यासारखी दाबली जाते आणि पडदा तडकतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६नुसार ती गंभीर दुखापत ठरते. त्यामुळे ‘कायमचं’ या शब्दाला डॉक्टरांच्या दाखल्यात वजन असतं आणि घाईने तसं लिहिता येत नाही. याच घराण्यात कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब येतो आणि कान कोरताना कुणाचा तरी धक्का लागून आत गेलेली हेअरपिन, काडेपेटीची काडी किंवा कानकोरणंही येतं.

दुसरं घराणं संसर्गाचं. नाकाच्या मागच्या बाजूपासून पडद्याआडच्या पोकळीपर्यंत, म्हणजे मधल्या कानापर्यंत, एक नळी जाते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तान्ह्या मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे नाकाघशातले जंतू सहज वर चढतात. मधल्या कानात पू साठतो, पोर रात्रभर रडतं आणि पहाटे पडदा फुटून पू बाहेर आला की शांत झोपतं. आईला वाटतं, सुटलो. अनेकदा खरोखरच सुटका होते. पण औषधोपचार अर्धवट राहिला किंवा सर्दी पुन्हा पुन्हा होत राहिली, तर ते भोक तसंच राहतं. घरातली दाटी, धूर आणि कुपोषण जिथे जास्त, तिथे वाहते कान जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४च्या अहवालाने जगातल्या वाहत्या कानांच्या रुग्णांची संख्या साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी यांच्या दरम्यान मांडली होती. भारताची गणना तिने या आजाराचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत केली आहे.

आता या सगळ्या प्रकरणातला मुख्य प्रश्न. बोट कापलं तर आठवड्यात भरतं, मग पडद्याचं भोक वर्षानुवर्षं उघडं कसं राहतं?

खरं तर पडदा भरून येण्यात पटाईत आहे. थपडेने फाटलेले पडदे तीनेक महिन्यांत बहुतांशी आपोआप मिटतात, म्हणून अशा वेळी डॉक्टर ‘कान कोरडा ठेवा, तेल-पाणी घालू नका, थांबा’ एवढंच सांगतात. पडद्यावरची त्वचा जागची हलतेसुद्धा. पडद्यावर शाईचा ठिपका दिला तर तो काही आठवड्यांनी कडेला, आणखी काही आठवड्यांनी कानाच्या नळीत सरकलेला दिसतो. वेग साधारण नख वाढण्याचा. कानातला मळ बाहेर येतो तो याच सरकत्या पट्ट्यामुळे. कान कोरणं किती अनावश्यक आहे हे यावरून कळावं, पण सवयीपुढे शरीरशास्त्राचं काही चालत नाही.

भोक पडलं की हीच त्वचा चारी बाजूंनी सरकत भोक मिटवू पाहते. पण संसर्गामुळे किंवा भोक फार मोठं असल्यामुळे वेळ लागला, तर बाहेरची त्वचा भोकाच्या कडेवरून आत वळते आणि तिथे तिची आतल्या अस्तराशी गाठ पडते. दोन्हींची कडेवरच जोडणी झाली की शरीराच्या दृष्टीने जखम संपली. उघडं मांस उरलेलं नसतं, त्यामुळे भरून काढायला काही आहे असा निरोपच कुठे जात नाही. कान टोचल्यावर पाळीचं भोक मिटत नाही, तसंच हे. कायमचं भोक म्हणजे भलत्या जागी पूर्ण झालेली जखम. म्हणून आजच्या शस्त्रक्रियेत सर्जन पडद्याला सर्वांत आधी काय करतो, तर ती बरी झालेली कड बारीक सुईने गोलाकार सोलून काढतो. भोक आधी थोडं मोठं करतो आणि जुन्या जखमेला पुन्हा नवी करतो.

इथवर पोचायचा रस्ता वाकडातिकडा होता. १६४०मध्ये मार्कुस बांझर या जर्मन वैद्याने डुकराच्या मूत्राशयाचा पातळ पापुद्रा नळीच्या टोकावर ताणून कानात बसवायचं सुचवलं होतं. १८०० साली अ‍ॅस्टली कूपर या लंडनच्या शल्यचिकित्सकाने रॉयल सोसायटीपुढे एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याचं उदाहरण ठेवलं. त्याचे पडदे लहानपणच्या पुवाने गेले होते, पण तो चारचौघांतलं बोलणं बऱ्यापैकी ऐकत असे. पडदा गेला म्हणजे माणूस ठार बहिरा झाला ही समजूत त्याने मोडीत निघाली आणि पुढच्याच वर्षी कूपरना सोसायटीचं मानाचं कोप्ली पदक मिळालं. १८५०च्या दशकात जोसेफ टॉयन्बी यांनी चांदीच्या तारेला रबराची चकती लावून कृत्रिम पडदा केला. हा माणूस प्रयोगाच्या बाबतीत स्वतःलाही सोडत नसे. कानातल्या गुणगुणीवर उपाय शोधताना १८६६मध्ये त्यांनी स्वतः क्लोरोफॉर्म आणि हायड्रोसायनिक आम्लाची वाफ हुंगली आणि आपल्याच दवाखान्यात प्राण गमावले.

माणसाच्याच शरीरातलं ठिगळ लावायची युक्ती एमिल बर्थोल्ड या जर्मन डॉक्टरची, १८७८ सालची. त्याने भोकाच्या कडेवरची त्वचा काढून तिथे त्वचेचा तुकडा बसवला. कल्पना अचूक होती, पण एवढ्या खोल आणि अंधाऱ्या बोगद्यात नुसत्या डोळ्यांनी ते साधणार कसं? स्टॉकहोमच्या कार्ल ओलोफ न्यूलेन यांनी १९२१मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेसाठी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला. पुढे प्रतिजैविकं आली, १९५३मध्ये त्साइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि त्याच सुमारास होर्स्ट वुलश्टाइन आणि फ्रिट्झ त्स्योल्नर या दोन जर्मन सर्जनांनी पडदा आणि हाडांची साखळी एकत्र दुरुस्त करण्याचं शास्त्र उभं केलं. ‘टिम्पॅनोप्लास्टी’ हा आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसणारा शब्द त्या काळातला.

तरी एक पेच होताच. त्वचेचं ठिगळ चिकटायचं, पण त्वचा आपला धर्म सोडत नाही. ती पापुद्रे टाकत राहते, ओलाव्यात सुजते आणि कुजते. पुष्कळ ठिगळं काही महिन्यांत पुन्हा फुटत. मग कुणी हाताच्या शिरेचा तुकडा वापरला. शेवटी उत्तर सापडलं ते कानापासून दोन बोटांवर. कानशिलावर बोटं ठेवून दाढा आवळल्या की जो स्नायू फुगतो, त्याच्यावर एक पातळ, पांढुरकं, चिवट आवरण असतं. त्याला फेशिया म्हणतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हेरमान यांनी जर्मनीत आणि त्यानंतर लवकरच स्टॉर्स यांनी अमेरिकेत ते वापरलं. ना केस, ना घामाच्या ग्रंथी, ना पापुद्रे. रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत नुसत्या ओलाव्यावर तग धरेल इतकी त्याची भूक कमी. आणि ते काढायला दुसरीकडे चिरा घ्यावा लागत नाही.

आज ही शस्त्रक्रिया अशी होते. मोठ्या माणसात अनेकदा फक्त कानापुरती भूल दिली जाते. मुलांना पूर्ण भूल. चष्म्याची काडी टेकते त्या खाचेत, कानामागे चिरा घेतात. तिथूनच फेशियाचा नाण्याएवढा तुकडा काढून, ताणून, दिव्याखाली वाळत ठेवतात. वाळला की तो ट्रेसिंग पेपरसारखा कडक होतो आणि हवा तसा कातरता येतो. तोवर सर्जन भोकाची कड सोलतो, नळीची त्वचा आणि पडदा पुस्तकाचं पान उलटावं तसा उचलून आत डोकावतो. हाडं हलतात का, हे सुईच्या टोकाने स्पर्श करून पाहिलं जातं. तिन्हींतली ऐरण सर्वांत आधी झिजते, कारण तिच्या लांब टोकाला रक्त जेमतेम पोचतं. ती झिजली असेल तर तिलाच तासून पुन्हा बसवतात किंवा टायटॅनियमचा इवलासा सांधा घालतात.

याच पोकळीतून, पडद्याच्या अगदी मागून, जिभेची चव वाहणारी धाग्याएवढी नस जाते. तिला ओढ बसली तर पुढचे काही आठवडे जिभेच्या एका बाजूला धातूची चव येत राहते. कानाच्या ऑपरेशननंतर चहा कडवट का लागतो, याचं कोडं त्या नसेपाशी सुटतं.

मग फेशियाचा तुकडा पडद्याच्या आतल्या बाजूने, भोकाखाली सरकवतात. ठिगळ म्हटलं तरी इथे टाका एकही नसतो; घालणार तरी कुठे? खालून आणि वरून जिलेटिनच्या स्पंजाचे ओले कण भरून तुकडा जागेवर धरून ठेवतात. हा स्पंज काही आठवड्यांत विरघळतो. टाके पडतात ते फक्त कानामागच्या कातडीला. हल्ली बरेच सर्जन कानाच्या नळीतूनच एन्डोस्कोप घालून हे सगळं करतात, तेव्हा मागचा चिराही वाचतो. भोक अगदी लहान असेल तर कानाच्या पाळीतून काढलेला चरबीचा गोळा बुचासारखा बसवूनही भागतं. पूर्वी शस्त्रक्रिया फसलेली असेल तर कानाच्या दारातल्या कूर्चेची पातळ चकती लावतात. ती फेशियापेक्षा टिकाऊ असते.

सर्जन पडदा बनवत नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. तो नुसता मांडव घालतो. नव्याने जखमी झालेल्या कडेवरून बाहेरची त्वचा आणि आतलं अस्तर त्या मांडवावर सरकत येतात, रक्तवाहिन्या शिरतात आणि वेलीने मांडव भरावा तसं भोक भरतं.

त्यासाठी काही आठवडे शांतता लागते. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची, जड उचलायचं नाही, डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत विमानप्रवास नाही. आंघोळीच्या वेळी पेट्रोलियम जेली लावलेला कापूस कानात. नाक-तोंड मिटून कानात हवा दाबायची नाही, हा दंडक तर अगदी कडक. गंमत म्हणजे अन्तोनिओ व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४मध्ये ही कृती सांगितली होती ती फुटक्या कानातला पू बाहेर ढकलण्यासाठीच. नव्या ठिगळाला ती आतून उचलून टाकते.

यश किती? जाणकार हातांनी, कोरड्या कानावर केलेल्या शस्त्रक्रियांत साधारण ८५ ते ९५ टक्के पडदे मिटतात. पण पडदा मिटणं आणि ऐकू येणं या दोन गोष्टी एकच नव्हेत. साखळी किंवा आतल्या कानाची नस बिघडलेली असेल तर पडदा सुरेख मिटूनही ऐकणं तेवढंच राहतं. सर्जनने हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. धूम्रपान, सततची सर्दी आणि चालू असलेला पू हे ठिगळाचे वैरी आहेत. लहान मुलांत नाकामागची नळी पुरेशी पोक्त व्हावी म्हणून बरेच सर्जन सात-आठ वर्षांचं वय होईपर्यंत थांबतात. आणि प्रत्येक भोक बुजवायलाच हवं असंही नाही. सत्तरीतल्या आजोबांचा कान वर्षानुवर्षं कोरडा असेल आणि त्यांची तक्रार नसेल, तर पाणी जाऊ न देणं आणि गरज पडल्यास श्रवणयंत्र वापरणं हा शहाणा पर्याय आहे.

एका प्रकारच्या वाहत्या कानाला मात्र थांबायची मुभा नाही. पुवाला कुजका वास, प्रमाण थोडं पण कायमचं आणि भोक पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा अगदी कडेला. तिथे त्वचा मधल्या कानात घुसून साठत जाते आणि आजूबाजूचं हाड पोखरते. १८३८मध्ये योहानेस म्युलर यांनी तिला ‘कोलेस्टिॲटोमा’ हे फसवं नाव दिलं. ती ना कोलेस्टेरॉलची गाठ असते, ना कर्करोग. पण ती चेहऱ्याच्या नसेपर्यंत आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. अशा कानात आधी ती घाण मुळासकट काढणं महत्त्वाचं असतं, पडद्याचा विचार नंतर.

खर्चाची चिंता ही अनेक घरांत शस्त्रक्रिया लांबण्याचं कारण असते. बहिरेपणा रोखण्यासाठी केंद्र सरकारने २००७पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे; योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारलं की नेमकी माहिती मिळते. तरी रुग्ण येतात ते अनेकदा लग्न ठरताना किंवा पोलीस-सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत कान नापास झाल्यावर. दहा वर्षं वाहणारा कान मग महिन्याभरात दुरुस्त करून हवा असतो.

पहिल्या भेटीतच डॉक्टर चिमट्यासारखं एक साधन हातात घेतात. हा सेकंदाला ५१२ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क कोपरावर आपटून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात आणि विचारतात, आवाज कुठे मोठा वाटला? ही परीक्षा हाइनरिश रिने यांनी १८५५मध्ये सांगितली. शाबूत कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो, कारण पडदा आणि साखळी आपलं काम करतात. मोठं भोक असलेल्या कानाला हाडावरचा मोठा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर तीनेक महिन्यांनी, सूक्ष्मदर्शकाखाली पडदा सलग दिसू लागला की ऑडिओग्राम काढायच्या आधी बरेच डॉक्टर तोच फोर्क पुन्हा कोपरावर आपटतात. आधी मागे, मग समोर. रुग्ण क्षणभर गोंधळतो, ‘परत एकदा लावा’ म्हणतो आणि मग बोट कानाच्या समोर नेतो.